विकी-आज्ञावलीतील दोषशोध : मूळ संहिता आणि तिच्या प्रती

विकीच्या एखाद्या पृष्ठावरील चुकीचा शब्द आपण दुरुस्त करतो, दुरुस्ती जतन झाल्याची खूण उमटते, आणि शेजारच्या टेबलावरील सहकारी मात्र आपणांस अजून जुनाच शब्द दिसतो असे सांगतो. पुन्हा दुरुस्ती करावी म्हणून संपादनाची चौकट उघडावी, तो तेथे शब्द बरोबर असतो! अशा प्रसंगी दोघेही खरेच बोलत असतात. त्यांच्यापुढील पृष्ठांचे नाव एक असले तरी ती एक वस्तू नव्हे. विकी-आज्ञावलीत उद्भवणाऱ्या बहुतेक तक्रारींचा उलगडा या एका गोष्टीच्या आकलनावर अवलंबून असल्यामुळे प्रस्तुत लेखात तिचाच विचार करावयाचा आहे. उदाहरणासाठी ‘मीडियाविकी’ ही मुक्त-स्रोत आज्ञावली घेतली आहे. विकिपीडिया तीवर चालतो, आणि विद्यापीठांतील विभागांनी चालविलेली लहानमोठी विकीही पुष्कळदा तीवरच उभी असतात.

हस्तलिखितांवर काम करणाऱ्या अभ्यासकास ही अडचण परिचयाची वाटेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीमागील प्रश्न असा होता की, प्रती अनेक उपलब्ध आहेत, मूळ मात्र हाती नाही. विकीत स्थिती याच्या नेमकी उलट असते. मूळ संहिता हाती असते, तीही प्रत्येक बदलाच्या इतिहासासह. परंतु वाचक ती कधीच वाचीत नाही. तो वाचतो त्या तीवरून यंत्राने काढलेल्या प्रती. म्हणून दोष मुळात आहे की प्रतीत, हा दोषशोधाचा पहिला प्रश्न होय. तो न विचारताच सेटिंगे बदलत सुटण्याची सवय आपल्याकडे फार आहे.

या प्रती कशा निर्माण झाल्या हे थोडक्यात पाहिले पाहिजे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी ‘विकीविकीवेब’ हे पहिले विकी खुले केले. ‘विकी’ हा हवाई भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ ‘शीघ्र’ असा आहे. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला तेव्हा तो क्लिफर्ड ॲडम्स यांच्या, पर्ल भाषेत लिहिलेल्या ‘यूजमॉडविकी’ या आज्ञावलीवर चालत असे. तीत मजकूर साध्या फायलींत साठविलेला असे. वाचक वाढले तशी ही व्यवस्था अपुरी पडू लागली. माग्नुस मान्स्के यांनी पीएचपी भाषेत लिहिलेली आणि मायएस्क्यूएल या विदागारावर आधारलेली नवी आज्ञावली जानेवारी २००२ मध्ये उपयोगात आली. ली डॅनियल क्रॉकर यांनी केलेले तिचे पुनर्लेखन त्याच वर्षीच्या जुलैत आले. पुढे २००३ मध्ये ‘मीडियाविकी’ हे नाव मिळालेली आज्ञावली ती हीच. ग्नू सार्वजनिक परवान्याखाली ती कोणासही वाचता, बदलता आणि पुन्हा वितरित करता येते.

आता संपादकाने ‘जतन करा’ म्हटल्यावर काय घडते ते पाहू. लिहिलेला विकी-मजकूर जसाच्या तसा एक नवी आवृत्ती म्हणून विदागारात जातो. हे मूळ. नंतर आज्ञावलीतील विश्लेषक त्या मजकुरातील साचे उलगडून, दुवे जोडून त्याचे एचटीएमएल रूप तयार करतो व ते राखून ठेवतो, म्हणजे पुढच्या वाचकासाठी तेच श्रम पुन्हा करावे लागत नाहीत. याखेरीज या पृष्ठावरून कोठे कोठे दुवे जातात, ते कोणत्या वर्गांत मोडते, कोणते साचे वापरते, यांची कोष्टके वेगळी भरली जातात. शोधाची सूची आणखी वेगळी. मोठ्या प्रतिष्ठापनांत सर्व्हरच्या पुढे तयार पृष्ठे वाटणारा दुसरा एक सर्व्हर बसविलेला असतो, आणि शेवटी वाचकाचा ब्राउझरही आपल्यापाशी एक प्रत ठेवतो. एका मजकुराच्या अशा पाच-सहा प्रती असतात, आणि त्या एकाच क्षणी ताज्या होतात असे मुळीच नाही.

यावरून तपासाचा क्रम आपोआप ठरतो. संपादनाच्या चौकटीत मजकूर बरोबर असेल तर मूळ शाबूत आहे, घाबरण्याचे कारण नाही. सदस्य म्हणून प्रवेश केल्यावर नवे पृष्ठ दिसते आणि बाहेर पडताच जुने दिसते, तर शिळी प्रत पुढच्या सर्व्हरवर अथवा ब्राउझरात आहे. दोघांनाही जुने दिसत असेल तर राखून ठेवलेले एचटीएमएल बाद करावयास हवे. त्यासाठी ‘पर्ज’ ही क्रिया आहे. परंतु येथे एक बारकावा आहे, आणि तो न कळल्यामुळे कित्येक तास वाया गेलेले आम्ही पाहिले आहेत. पर्ज केल्याने पृष्ठाचे रूप नवे होते, दुव्यांची व वर्गांची कोष्टके मात्र नेहमी नवी होत नाहीत. एखादे पृष्ठ आपल्या तळाशी वर्गाचे नाव बरोबर दाखवीत असते आणि त्या वर्गाच्या यादीत मात्र नसते, ते यामुळेच. अशा वेळी काहीही न बदलता पृष्ठ उघडून जतन करावे. या रिक्त संपादनाची नोंद इतिहासात होत नाही, पण कोष्टके नव्याने भरली जातात.

साचा बदलला म्हणजे हाच प्रश्न गुणाकाराने वाढतो. शेकडो पृष्ठांत वापरलेल्या साच्यात एक स्वल्पविराम बदलला तरी त्या साऱ्या पृष्ठांच्या प्रती शिळ्या होतात. त्या तत्काळ नव्या करणे परवडत नाही, म्हणून मीडियाविकी ही कामे एका रांगेत लावते. मूळ योजनेनुसार प्रत्येक वाचकाच्या भेटीसरशी रांगेतील एक काम उरकले जाते. गजबजलेल्या विकीत ही युक्ती शोभते. विभागाच्या विकीत, जेथे सुटीच्या दिवसांत कोणी फिरकतही नाही, रांग तुंबून राहते आणि महिन्यापूर्वी बदललेला साचा अर्ध्या पृष्ठांवर जुन्याच रूपात वावरतो. उपाय साधा आहे : वाचकांच्या भेटीवर विसंबून न राहता ‘रनजॉब्स’ ही देखभालीची लहान आज्ञावली सर्व्हरच्या वेळापत्रकात नेमून द्यावी. लहान विकीच्या व्यवस्थापकास एकच सुधारणा सांगावयाची झाल्यास आम्ही हीच सांगू.

प्रती राखून ठेवण्याची योजना स्वतःच संकटाचे कारण कशी होऊ शकते, याचे नामांकित उदाहरण २५ जून २००९ रोजी घडले. त्या दिवशी गायक मायकेल जॅक्सन यांचे निधन झाले आणि इंग्रजी विकिपीडियावरील त्यांच्या चरित्रपृष्ठाकडे वाचकांची रीघ लागली. विकिपीडियाचे सर्व्हर मोठ्या गर्दीस सरावलेले होते, आणि तयार प्रत वाटावयाची असती तर ती गर्दी त्यांनी निभावून नेलीही असती. परंतु त्याच वेळी त्या पृष्ठावर एकामागून एक संपादने होत होती, आणि प्रत्येक संपादनासरशी तयार प्रत बाद ठरत होती. पृष्ठ संदर्भटिपांनी भरलेले असून प्रत्येक टीप साच्यांतून उभी केलेली असल्यामुळे नवी प्रत घडविण्यास वेळ लागे. त्या मधल्या वेळात जो जो वाचक येई, त्याच्यासाठी सर्व्हर तेच काम पुन्हा आरंभापासून हाती घेई. शेजारचा सर्व्हर नेमके तेच काम करीत आहे हे त्यास ठाऊक नसे. अशा रीतीने एका पृष्ठाच्या असंख्य एकसारख्या प्रती घडविण्यात यंत्रशक्ती खर्ची पडली आणि इतर पृष्ठांच्या वाचकांनाही त्याची झळ लागली.

या घटनेतून निघालेले उपाय दोन, आणि ते निरनिराळ्या थरांवरचे आहेत. पहिला ‘पूलकाउंटर’ नावाच्या लहानशा सेवेचा. एका पृष्ठाची प्रत घडविण्याचे काम एकाच वेळी किती ठिकाणी चालू द्यावयाचे यावर ती मर्यादा घालते. इतरांनी थांबावे, फारच वेळ लागला तर त्यांना थोडी शिळी प्रत द्यावी. शिळी प्रत जाणूनबुजून देणे हा येथे दोष नसून उपाय आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दुसरा उपाय प्रत घडविण्याचे कामच हलके करण्याचा, आणि त्याची पाळेमुळे अधिक जुनी आहेत. साचे मुळात ठराविक मजकूर पुन्हापुन्हा न लिहिण्यासाठी योजिलेले. संपादकांनी त्यांतून ‘जर-तर’ची गणिते सोडविण्याच्या अशा काही युक्त्या शोधल्या की २००६ मध्ये टिम स्टार्लिंग यांना त्यासाठी रीतसर विश्लेषक-फलने पुरवावी लागली. त्यावरही संपादकांनी मनोरे रचले. अखेरीस २०१३ मध्ये ‘लुआ’ ही खरीखुरी प्रोग्रामिंगची भाषा साच्यांमागे वापरण्याची सोय विकिपीडियावर झाली, आणि संदर्भटिपांचे साचे तीत लिहिले गेल्यावर भरगच्च पृष्ठांचा घडणकाळ पुष्कळ घटला. गर्दीचा बंदोबस्त आणि कामाचा हलकेपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकीने दुसरीची गरज संपत नाही.

येथवरचे दोष कोणत्याही भाषेतील विकीस समान आहेत. देवनागरीत मात्र आणखी एक प्रकार संभवतो, आणि तो अधिक फसवा आहे. आमच्या विभागाच्या भूगोल-परिभाषासंग्रहात तो प्रत्ययास आला. एका विद्यार्थ्याने प्रबंधाच्या मसुद्यात ‘वाऱ्याचे कार्य’ या नोंदीतील व्याख्या अवतरणचिन्हांत दिली होती. मार्गदर्शकांनी संग्रह उघडून पाहिला तो त्या नोंदीत ते वाक्य नाही, आणि पृष्ठाच्या इतिहासातही ते कधी नव्हते! विद्यार्थ्याने वाक्य पदरचे घातले असा संशय येणे स्वाभाविक होते, आणि तो दोन दिवस राहिलाही. शेवटी दोघांनी आपापल्या यंत्रावर ‘पृष्ठाची माहिती’ उघडली, तेव्हा दोन्ही पृष्ठांचे ओळखक्रमांक भिन्न निघाले. ‘वाऱ्याचे कार्य’ या नावाच्या नोंदी दोन होत्या. डोळ्यांस त्यांत काडीचा फरक दिसत नव्हता.

याचे कारण असे. मराठीतील अर्धा ‘ऱ’ संगणकावर दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत खाली बिंदू असलेला ‘ऱ’ हा स्वतंत्र संकेत घेऊन त्यास हलन्त जोडतात. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह येते. कोणता कळफलक वापरला यावर कोणती रीत उतरेल हे ठरते. लिहिणाऱ्यास त्याची गंधवार्ताही नसते. मीडियाविकी आलेल्या सर्व मजकुरास युनिकोडचा एकरूपीकरणाचा नियम लावते, त्यामुळे ‘र’ आणि सुटा नुक्ता असे कोणी लिहिले तर त्याचा ‘ऱ’ आपोआप होतो. परंतु अदृश्य जोडचिन्हाच्या रूपास युनिकोड समरूप मानीत नाही. तेथे हा नियम थांबतो. पहिली रीत सहा बाइटांची, दुसरी नऊ बाइटांची. यंत्राच्या दृष्टीने ही शीर्षके ‘वारा’ आणि ‘पाणी’ यांइतकीच वेगळी.

‘ॲ’ची कथा याहून रंजक आहे. ‘ॲटलास’ अथवा ‘ॲमेझॉन’ यांतील आद्याक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत मिळाला तो ५.१ या आवृत्तीत, म्हणजे २००८ साली. मराठी विकिपीडिया त्यापूर्वीच, २००३ मध्ये, सुरू झालेला होता. तोवरचे लेखक ‘अ’ आणि वर अर्धचंद्र असे दोन संकेत योजीत, किंवा ‘ए’वर चंद्र असलेले ‘ऍ’ वापरीत. ही तीन रूपे एकमेकांस समरूप मानावीत असे युनिकोडचा नियम सांगत नाही. साहजिकच जुन्या मजकुराचा नव्या कळफलकाने घेतलेला शोध रिकाम्या हाताने परत येतो, आणि वाचकाचा समज होतो की नोंदच नाही. तो नवी नोंद लिहू लागतो.

ओघात आणखी दोन गोष्टी. पृष्ठाच्या शीर्षकास २५५ बाइटांची मर्यादा आहे आणि देवनागरीतील प्रत्येक संकेत तीन बाइटांचा, म्हणजे आपल्या वाट्यास ८५ संकेत येतात; एकटा ‘क्ष’ त्यांतील तीन खातो. प्रबंधांची शीर्षके जशीच्या तशी पृष्ठनाम म्हणून देऊ पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. तसेच वर्गांतील नोंदींचा मूळ क्रम संकेतांकांनुसार लागतो, त्यामुळे ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ आणि ‘व’च्या आधी येतो. मराठी वर्णक्रमात त्याचे स्थान ‘ह’नंतरचे आहे. सेटिंगांत मराठीचा वर्णक्रम निवडता येतो. निवडल्यावर जुन्या नोंदींच्या क्रमखुणा नव्याने काढणारी देखभालीची आज्ञावली चालवावी लागते, नाहीतर अर्धी यादी एका क्रमाने आणि अर्धी दुसऱ्या क्रमाने लागते.

आतापर्यंतच्या कोणत्याही प्रसंगात साठविलेला मजकूर बिघडलेला नव्हता. तो बिघडण्याचा खरा धोका स्थलांतराच्या वेळी असतो. विकी एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेताना विदागाराची प्रत काढतात. ती काढताना वा भरताना अक्षरसंकेतनाचे नाव चुकले, की यूटीएफ-८ मधील बाइट रोमन लिपीच्या एकबाइटी संकेतनाचे म्हणून वाचले जातात. ‘म’ या अक्षराचे तीन बाइट मग तीन चिन्हे होतात : वर तिरकी मात्रा असलेले रोमन ‘ए’, त्यापुढे चलनाचे सर्वसाधारण चिन्ह, आणि शेवटी नोंदणीकृत मुद्रेचे चिन्ह. ही तीन चिन्हे पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिली गेली की तिनाचे सहा बाइट होतात. पडद्यावर दिसणारा हा गोंधळ भयंकर वाटतो, परंतु तो नियमित असल्यामुळे उलट पावलांनी बहुधा पूर्ववत करता येतो. अट एवढीच की मध्यंतरी कोणी त्यावर लिहिलेले नसावे. एखाद्या उत्साही सदस्याने चार परिच्छेद हाताने पुन्हा टंकून जतन केले, की त्याच विदागारात शुद्ध आणि दुहेरी संकेतनाचा मजकूर मिसळतो, आणि सरसकट उलटविण्याची क्रिया शुद्ध मजकुराचा नाश करते. म्हणून असा दोष दिसताक्षणी विकी केवळ-वाचनाच्या स्थितीत न्यावे, आणि कारण नंतर शोधावे. सदस्यांना आपण मदत करीत आहोत असे वाटत असते. त्यांना थांबविणे अवघड जाते, तरीही थांबवावे.

त्याच संदर्भात हेही सांगितले पाहिजे की विदागाराची प्रत म्हणजे विकीची संपूर्ण प्रत नव्हे. चढविलेली चित्रे, नकाशे व धारिका विदागारात नसून निराळ्या निर्देशिकेत असतात, आणि सेटिंगे ‘लोकलसेटिंग्ज’ या फायलीत असतात. नकाशांवाचून भूगोलाचा संग्रह कितपत उपयोगी, हे सांगावयास नको.

आवृत्ती बदलल्यावर कोरे पांढरे पृष्ठ दिसणे ही तक्रार सर्वांत अधिक ऐकू येते, आणि तिच्याविषयी सांगण्यासारखे सर्वांत थोडे आहे. कोरे पृष्ठ याचा अर्थ पीएचपीची आज्ञावली मध्येच कोसळली आणि तिचे कारण वाचकापासून लपविले गेले. ते कारण सर्व्हरच्या दोषनोंदीत लिहिलेले असते, ते वाचावे. बहुधा एखादे विस्तारक जुन्या आवृत्तीचे राहिलेले असते, किंवा विदागाराची रचना नव्या आवृत्तीस जुळविणारी ‘अपडेट’ ही आज्ञावली चालविण्याचे राहून गेलेले असते. मीडियाविकीच्या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्या दर दोन वर्षांनी निघतात, उदाहरणार्थ १.३५ ही २०२० मध्ये, १.३९ ही २०२२ मध्ये आणि १.४३ ही २०२४ मध्ये. विभागाच्या विकीने याच पायऱ्यांवरून चढावे.

राहिला सुधारणेचा प्रश्न. स्रोत खुला आहे म्हणून आज्ञावलीच्या मूळ फायलींतच हात घालण्याचा मोह होतो. तो टाळावा; पुढच्या आवृत्तीसरशी ती दुरुस्ती पुसली जाते आणि ती कोणी केली होती हेही कोणास आठवत नाही. मीडियाविकीत ठिकठिकाणी आकडे ठेवलेले आहेत. त्यांत आपली आज्ञा अडकवून विस्तारक म्हणून वेगळी ठेवता येते. परंतु दोष सर्वांचाच असेल तर तो मूळ प्रकल्पाकडे नोंदविणे अधिक श्रेयस्कर. मल्याळम भाषेचे उदाहरण येथे मार्गदर्शक आहे. तीतील ‘चिल्लु’ नावाची स्वररहित व्यंजनचिन्हे पूर्वी अदृश्य जोडचिन्हाने लिहीत. युनिकोडच्या त्याच ५.१ आवृत्तीत त्यांना स्वतंत्र संकेत मिळाले, आणि मीडियाविकीत जुन्या रूपाचे नव्यात परिवर्तन करणारी मल्याळमपुरती सोय करण्यात आली. तिच्यासोबत एक सूचनाही होती : जुन्या विकीत ही सोय सुरू करताना शीर्षके स्वच्छ करणारी देखभालीची आज्ञावली चालवावी. नाहीतर जुन्या रूपात साठविलेल्या शीर्षकांपर्यंत पोहोचणारा रस्ताच बंद होतो, कारण वाचकाने काहीही टंकले तरी त्याचे नवे रूप होते आणि विदागारात तर जुनेच असते.

‘ऱ’साठी असेच काही आपल्या भाषेपुरते करता येईल असे आमचे मत आहे. तोवर आम्ही विभागात पुढील व्यवस्था केली. अदृश्य जोडचिन्ह असलेल्या सर्व शीर्षकांची यादी काढली. जेथे जोडीदार नोंद नव्हती तेथे पृष्ठ ‘ऱ’च्या रूपाकडे स्थानांतरित केले, आणि जुन्या रूपावर पुनर्निर्देशन राहू दिले, म्हणजे बाहेर कोणी दिलेले दुवे तुटत नाहीत. जेथे दोन्ही नोंदी होत्या तेथे आधी चर्चापानावर दोन्ही व्याख्या समोरासमोर ठेवल्या, आणि मजकूर एकत्र करताना दोन्ही पृष्ठांचा इतिहास जोडला जाईल अशी काळजी घेतली. ‘वाऱ्याचे कार्य’ या नोंदीच्या इतिहासात आता त्या विद्यार्थ्याने उद्धृत केलेले वाक्य, ते लिहिणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह, शोधता येते.